गेटिसबर्गचे दगड

पेनसिल्व्हेनिया राज्याच्या दक्षिण सीमेलगत, वॉशिंग्टन शहरापासून सुमारे ८० मैलांवर, गेटिसबर्ग नावाचे एक आटोपशीर गाव आहे. १८६३ साली त्याची लोकवस्ती जेमतेम २,४०० होती. ख्रिस्ती धर्मोपदेशक तयार करणारे एक विद्यालय, एक महाविद्यालय, घोडागाड्या बनविणाऱ्यांचे कारखाने आणि भोवताली गहू, मका, पीच व सफरचंद यांची शेती, सांगण्यासारखे एवढेच. परंतु ह्या गावात दहा रस्ते एकत्र येत होते, आणि सैन्ये रस्त्यांनीच चालतात. त्या वर्षीच्या जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेच्या यादवी युद्धातील सर्वांत रक्तपाती लढाई येथे झाली, ती पुष्कळ अंशी ह्या रस्त्यांमुळे. दीड लाखांहून अधिक सैनिक एकमेकांसमोर उभे ठाकले, आणि तिसऱ्या दिवसाच्या अखेरीस मृत, जखमी, बंदी व बेपत्ता मिळून सुमारे ५१,००० नावे दोन्ही सैन्यांच्या हजेरीपटांवरून उतरली होती.

नकाशा पाहणाऱ्यास प्रथम चकविणारी गोष्ट अशी की, त्या लढाईत दक्षिणेचे सैन्य उत्तरेकडून व पश्चिमेकडून आले, आणि उत्तरेचे सैन्य दक्षिणेकडून आले. जनरल रॉबर्ट ली यांच्या फौजेने जूनमध्ये पोटोमॅक नदी ओलांडून इतकी खोल मुसंडी मारली होती की, तिच्या तुकड्या राज्याची राजधानी हॅरिसबर्गच्या आसपास पोहोचल्या होत्या. त्यांना माघारी बोलावून एकत्र करावयाचे, तर त्यांचे रस्ते गेटिसबर्गाकडेच उतरत होते. तिकडे उत्तरेच्या सैन्याचे नेतृत्व जनरल जॉर्ज मीड यांच्याकडे २८ जूनला, म्हणजे लढाईच्या अवघे तीन दिवस आधी आलेले. ते मेरीलँडमधून वर सरकत होते. दोघांपैकी कोणीही हे गाव लढाईसाठी निवडले नव्हते.

आज ह्या शिवारात सुमारे ६,००० एकरांचे राष्ट्रीय उद्यान आहे, आणि त्यात स्मारके, शिला व फलक मिळून तेराशेच्या वर दगडधातूंची गर्दी आहे. शिवाय मैलोगणती मांडून ठेवलेल्या तोफा आहेत त्या वेगळ्याच. मोटारीतून भरधाव जाणाऱ्या प्रवाशाला हे सारे एखाद्या अफाट स्मशानासारखे भासते. वास्तविक ह्यांपैकी बहुतेक दगड कोणाच्याही मृत्यूची जागा दाखवीत नाहीत. ते दाखवितात कोण कोठून आले, कोठे उभे राहिले आणि कोठपर्यंत गेले. एक तीन दिवसांची हालचाल मूळ मापानेच जमिनीवर काढून ठेवलेली आहे. नकाशा आणि भूमी यांत येथे अंतरच उरलेले नाही.

मात्र तो नकाशा वाचावयाचा तर त्याची लिपी शिकावी लागते. ती अवघड नाही. ब्राँझच्या पत्र्यावर मजकूर असलेला फलक चौकोनी बैठकीवर असेल, तर ती ब्रिगेड उत्तरेची. बैठक गोल असेल, तर दक्षिणेची. तोफेची नळी आभाळाकडे तोंड करून उभी पुरलेली दिसली, की तेथे सेनापतीचा किंवा कोर-प्रमुखाचा तळ होता असे समजावे. उत्तरेच्या पलटणींच्या स्मारकांवर कोरलेली चिन्हे आहेत: पहिल्या कोरचे वर्तुळ, दुसऱ्याचे त्रिदल पान, तिसऱ्याचा चौकट, अकराव्याची चंद्रकोर, बाराव्याचा तारा. ही चिन्हे शिपाई टोपीवर लावीत, आणि घरी परतल्यावर त्यांनी तीच दगडात कोरविली. प्रत्येक मोठ्या स्मारकाच्या दोन्ही बाजूंना काही अंतरावर गुडघ्याएवढे दगड असतात. प्रवासी त्यांना अडखळतो आणि पुढे जातो. परंतु ते पलटणीची डावी व उजवी बगल दाखवितात. दोन दगडांमधले अंतर पायांनी मोजले, म्हणजे चारशे माणसे खांद्याला खांदा लावून दोन रांगांत उभी राहिली की किती जागा व्यापतात, हे पुस्तकाच्या दहा पानांपेक्षा चांगले कळते.

गावाच्या पश्चिमेला चेंबर्सबर्ग रस्त्यावर एका घराच्या आवारात एक साधा दगड उभा आहे. १ जुलैच्या सकाळी इलिनॉय राज्याच्या आठव्या रिसाल्यातील लेफ्टनंट मार्सेलस जोन्स यांनी हाताखालच्या शिपायाची बंदूक मागून घेतली आणि रस्त्याने येणाऱ्या दक्षिणी फौजेवर लढाईची पहिली गोळी झाडली, असे त्यावर म्हटले आहे. १८८६ साली स्वतः जोन्स आणि त्यांचे दोन सोबती यांनी तो दगड आपल्या गावाकडून आणवून बसविला. पहिल्या गोळीवर हक्क सांगणारे इतर रिसालेही होते. त्यांचे म्हणणे कदाचित तितकेच खरे असेल. परंतु दगड जोन्स यांनी आणला.

येथून गावाकडे वळले म्हणजे ओक रिजवर पोहोचता येते. ह्या 'रिज' शब्दाने भाषांतरकाराची मोठी पंचाईत होते. सह्याद्रीच्या माणसाने त्याला डोंगर म्हणणे शक्य नाही, टेकडी म्हणणेही धाडसाचेच. लढाईचा निकाल ज्या सेमेटरी रिजवर लागला तिची उंची काही ठिकाणी ४० फुटांच्या आसपास आहे. मोठ्या बांधासारखी लांबच लांब गेलेली ती एक धार आहे, आणि आपण तिला धारच म्हणू. ओकच्या धारेखालील शेतात पहिल्या दिवशी दुपारी नॉर्थ कॅरोलिनाची आयव्हर्सन यांची ब्रिगेड पुढे टेहळे न पाठविता, रांग जराही न मोडता चालत आली. एका दगडी कुंपणामागे उत्तरेच्या पलटणी दबा धरून होत्या. सुमारे १,४०० माणसांपैकी ९०० च्या आसपास काही मिनिटांत कामास आली. पडलेली माणसे, असे नंतर सांगितले जाई, कवायतीच्या रांगेसारखी सरळ रेषेत पडली होती. त्यांना तेथेच उथळ चरांतून पुरण्यात आले, आणि पुढे कित्येक वर्षे त्या पट्ट्यावरचे गवत व पीक इतरांहून दाट येत असे. आयव्हर्सन स्वतः त्या वेळी पुढे नव्हते. ब्रिगेडचा जो फलक आहे तो मात्र ह्या बाबतीत मौन पाळतो.

हे मौन मुद्दाम ठरवून पाळलेले आहे. १८९३ साली युद्धखात्याने नेमलेल्या आयोगाने ब्रिगेड, डिव्हिजन व कोर यांचे फलक लिहावयास घेतले, तेव्हा दंडक घालून दिला होता की मजकुरात कोणाची स्तुती नसावी आणि निंदाही नसावी. आयोगात उत्तरेच्या जुन्या अधिकाऱ्यांबरोबर दक्षिणेचाही एक अधिकारी असे. अशा फलकांची भाषा भाषांतर करणाऱ्याला मोठी मौजेची वाटते. क्रियापदे मोजकीच: आली, थांबली, जागा धरली, पुढे सरकली, मागे घेण्यात आली, रात्र काढली. पाठोपाठ मृत, जखमी, बेपत्ता यांचे आकडे. विशेषण शोधावे लागते. 'पळाली' असे क्रियापद तर शोधूनही सहसा मिळत नाही. ज्या पलटणी गावातल्या गल्ल्यांतून जीव घेऊन धावल्या, त्याही येथे 'नव्या जागी आल्या' आहेत. आपल्या जुन्या बखरींची सवय असलेल्या वाचकाला हे रूक्ष वाटेल. परंतु दोन तास हे फलक वाचीत चालले असता त्या रूक्षपणाचाच एक भार मनावर येऊ लागतो, तो कोणत्याही वीरश्रीयुक्त कवनाने येणार नाही.

फलकांचा एक वर्ग तर केवळ कूच आणि मुक्कामाचाच आहे. कोणत्या दिवशी कोणता कोर कोणत्या गावाहून निघाला आणि कोठे पोहोचला, याची तारीखवार नोंद त्यांवर आहे. त्यांच्यापाशी फारसे कोणी थांबत नाही. उत्तरेच्या सहाव्या कोरचे उदाहरण घ्या. १ जुलैच्या रात्री मेरीलँडमधील मँचेस्टरहून तो निघाला आणि तीस मैलांहून अधिक वाट तुडवून दुसऱ्या दिवशी दुपारी रणभूमीवर येऊन पोहोचला. जाड लोकरी गणवेश, पाठीवर बोजा, जुलैचे ऊन आणि पुढच्या तुकड्यांनी उडविलेली धूळ. वाटेत किती जण उन्हाने कोसळले याचा हिशेब नाही. लढाईत ह्या कोरचा बराचसा भाग राखीवच राहिला. त्याचे खरे युद्ध ते चालणेच होते.

एवढ्या बारकाव्याने जागा कोणी शोधून काढल्या? ह्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे एकाच माणसाच्या नावात आहे. जॉन बॅचल्डर हे न्यू हॅम्पशायरचे एक चित्रकार. युद्धाचे मोठे चित्र काढण्याजोगी एखादी लढाई ते शोधीत होते. गेटिसबर्गची बातमी ऐकून ते काही दिवसांतच तेथे पोहोचले, तेव्हा प्रेते पुरती गाडलीही गेली नव्हती. पुढे ८४ दिवस ते ह्या शिवारात हिंडत राहिले. रुग्णालयांच्या तंबूंतून दोन्ही बाजूंच्या जखमींना ते भेटत, आणि जो चालू शकेल त्याला शेतावर नेऊन तो कोठे उभा होता हे विचारीत. हिवाळ्यात ते उत्तरेच्या छावणीत जाऊन एकेका पलटणीच्या अधिकाऱ्यांशी बोलले. उरलेले आयुष्य त्यांनी ह्याच कामाला दिले. स्वतः ते ह्या लढाईत कधी लढले नव्हते, आणि लढलेल्यांना त्यांची जागा सांगण्याचा अधिकार पुढे त्यांच्याकडेच आला. रणभूमी जतन करण्यासाठी गावकऱ्यांनी १८६४ सालीच एक संस्था स्थापन केली होती. तिने १८८३ मध्ये फलक व शिलालेखांची देखरेख बॅचल्डर यांच्यावर सोपविली.

तंटे येथूनच सुरू झाले. माणसाला आपल्या आयुष्यातील सर्वांत भयंकर तासाची आठवण असते, परंतु त्या तासाला धूर होता. एकाच झाडाखाली तीन पलटणी हक्क सांगू लागल्या. तेव्हा संस्थेने १८८७ मध्ये नियम केला की, पलटण युद्धरांगेत जेथे उभी होती तेथेच तिचे मुख्य स्मारक असावे. हल्ल्याच्या भरात ती कोठपर्यंत गेली ते ध्यानात घेऊ नये. नियम शहाणपणाचा होता, पण त्याने सर्वांचे समाधान होणे शक्य नव्हते.

पेनसिल्व्हेनियाच्या ७२ व्या पलटणीचे प्रकरण याच नियमावर पेटले. ३ जुलैला दुपारी दक्षिणेचे सैनिक दगडी भिंतीच्या कोनाशी येऊन भिडले, तेव्हा ही पलटण भिंतीच्या मागे, दुसऱ्या रांगेत होती. ब्रिगेडचे प्रमुख वेब पुढे चलण्याचा हुकूम देत होते, निशाणाची काठी धरून ओढीत होते, आणि पलटण काही क्षण जागची हलत नव्हती. मग ती हलली आणि भिंतीशी हातघाईची लढाई करून तिने मोठी हानी सोसली. संस्था म्हणाली, स्मारक मागे. शिपाई म्हणाले, भिंतीपाशी. आमची माणसे तेथे पडली. त्यांचे प्रतिनिधी हट्टाने भिंतीशी पाया खणू लागले, तेव्हा परक्या जागेत घुसल्याबद्दल त्यांना अटक झाली. खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १८९१ साली निकाल शिपायांच्या बाजूने लागला. आज भिंतीजवळ बंदूक उलटी धरून दस्त्याने प्रहार करणारा जो ब्राँझचा शिपाई दिसतो, तो तोच. २०१३ च्या जूनमध्ये वादळाने त्याला चौथऱ्यावरून खाली पाडले होते. त्याला दुरुस्त करून पुन्हा वर चढविण्यात आले. थोड्याशा जागेसाठी पिकलेल्या केसांची माणसे वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवितात, याचे हसू येऊ शकेल. परंतु संस्थेचा दगड मागे राहिला असता तर त्यांच्या नातवंडांनी काय वाचले असते, याचा विचार केला म्हणजे हसू आवरते.

पराभूतांना हा नियम अधिक जाचला. हल्ला करणारे तेच होते. त्यांची युद्धरांग मैलभर मागे, सेमिनरीच्या धारेवरील झाडीत होती. म्हणून त्यांचे फलक तेथे आहेत आणि ज्या जागी त्यांची माणसे मेली ती जागा बव्हंशी त्यांच्या दगडांवाचून आहे. लिटल राउंड टॉप टेकडीच्या उतारावर अलाबामाच्या १५ व्या पलटणीचे कर्नल विल्यम ओट्स यांचा भाऊ प्राणघातक जखमी झाला. ओट्स पुढे अलाबामाचे गव्हर्नर झाले. म्हातारपणी त्यांची एकच इच्छा होती, की भाऊ पडला तेथे एक लहानसा दगड असावा. आयोगाने त्या टेकडीचे रक्षण करणाऱ्या मेन राज्याच्या २० व्या पलटणीचे सेनानी जोशुआ चेंबरलेन यांचे मत घेतले. चेंबरलेन यांनी दगडाला विरोध केला नाही. परंतु अलाबामाची माणसे ओट्स म्हणतात तेथवर पोहोचली होती हे त्यांना मान्य होईना. पत्रव्यवहार पुष्कळ झाला. दगड बसला नाही. मेनच्या पलटणीचा दगड मात्र १८८६ पासून त्याच उतारावर एका मोठ्या शिळेवर आहे, आणि आज प्रवाशांची सर्वांत जास्त गर्दी जेथे होते त्या जागांपैकी तो एक आहे.

जनरल डॅनियल सिकल्स यांची गोष्ट निराळी. दुसऱ्या दिवशी त्यांनी हुकुमावाचून आपला कोर पीचच्या बागेपर्यंत पुढे नेला, आणि त्याचा चक्काचूर झाला. स्वतःचा एक पाय त्यांनी तेथे गमावला; त्याचे हाड वॉशिंग्टनच्या लष्करी वैद्यकीय संग्रहालयाकडे त्यांनी आपणहून पाठवून दिले. त्यांनी चूक केली की सैन्य वाचविले, हा वाद अद्याप विझलेला नाही. परंतु ज्या कायद्याने १८९५ साली हे राष्ट्रीय उद्यान झाले, तो कायदेमंडळात त्यांनीच मांडलेला होता. अनेक सेनानींचे पुतळे असलेल्या ह्या शिवारात त्यांचा पुतळा नाही. दक्षिणेचे जनरल लाँगस्ट्रीट यांनाही फार वाट पाहावी लागली. पराभवाचे खापर त्यांच्या माथी फोडण्यात आल्याने त्यांचा अश्वारूढ पुतळा १९९८ मध्ये उभा राहिला. पुतळ्यातील घोड्याचा एक पाय उचललेला असला तर स्वार जखमी झाला, असे वाटाडे एके काळी सांगत. लाँगस्ट्रीट येथे जखमी झाले नव्हते आणि त्यांच्या घोड्याने पाय उचललेला आहे, तेव्हा तो ठोकताळा आता निकालात निघाला आहे. ह्या वाटाड्यांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे: १९१५ पासून त्यांना परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, आणि ती परीक्षा सोपी नाही.

ही जमीन अशी राहिली याचे श्रेय एका न्यायनिर्णयालाही आहे. १८९३ मध्ये एका कंपनीने रणभूमीतून विजेच्या ट्रामचे रूळ टाकावयास आरंभ केला आणि डेव्हिल्स डेन येथील प्रचंड खडक सुरुंग लावून फोडले. सरकारने जमीन संपादन करू म्हटले, तेव्हा प्रश्न निघाला की, केवळ आठवण जपण्यासाठी खाजगी जमीन घेणे हे सार्वजनिक काम ठरते काय? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये ते ठरते असा निर्णय दिला. त्या देशातील ऐतिहासिक स्थळांच्या जतनाची कायदेशीर बैठक पुष्कळ अंशी ह्या निकालावर उभी आहे.

आता तिसऱ्या दिवसाच्या मैदानाकडे यावे, आणि शक्य तर मोटार सोडून पायी यावे. सेमिनरीच्या धारेवर व्हर्जिनिया राज्याचे १९१७ मधील भव्य स्मारक आहे. वर घोड्यावर ली. समोर सुमारे पाऊण मैलावर गवताळ मैदानापलीकडे सेमेटरीची धार आणि तिच्यावर झाडांचा एक लहानसा झुबका दिसतो. दुपारी एकच्या सुमारास तोफांचा भडिमार सुरू झाला आणि तो थांबल्यावर बारा-साडेबारा हजार माणसे झाडीतून बाहेर पडून त्या झुबक्याच्या रोखाने चालू लागली. हे मैदान सपाट दिसते. तसे ते नाही. शंभर पावले गेल्यावर जमीन हलकेच खाली उतरते आणि समोरची धार दृष्टीआड होते. आणखी थोडे गेल्यावर ती एकाएकी जवळ आलेली दिसते. मध्ये एमिट्सबर्ग रस्त्याची दोन्ही बाजूंची मजबूत कुंपणे, जी ओलांडताना माणूस काही क्षण उंचावर उघडा पडतो. तोफांचे गोळे आणि पुढे गोळ्या ह्याच टप्प्यांवर बसल्या. निम्म्याहून अधिक माणसे परत आली नाहीत. साधारण वेगाने चालणाऱ्या प्रवाशाला ह्या अंतरास वीस मिनिटे लागतात.

पलीकडे भिंतीच्या आत एक लहान शिला आहे. भिंत ओलांडून आत शिरलेले दक्षिणेचे जनरल आर्मिस्टेड तेथे कोसळले. आणि तो झाडांचा झुबका आता लोखंडी कुंपणात आहे, पुढ्यात ब्राँझचे उघडे पुस्तक, १८९२ साली उभारलेले. दक्षिणेच्या बंडाला आलेली भरती येथवर चढली आणि येथून ओसरली, ही कल्पना बॅचल्डर यांची. पण ही झाडे वाचली कशी, त्याचा वृत्तान्त पुस्तकावर नाही. ती जमीन पुढे बेसिल बिग्ज नावाच्या एका काळ्या शेतकऱ्याच्या मालकीची झाली होती. एके दिवशी बॅचल्डर यांना ते तेथे झाडे तोडताना दिसले. कुंपणासाठी खांब हवे होते. बॅचल्डर यांनी त्या झाडांचे महत्त्व सांगून पाहिले, त्याचा उपयोग होईना. तेव्हा त्यांनी व्यवहार सांगितला: तोडलीत तर लाकडाचे पैसे मिळतील, ठेवलीत तर त्याच्या दसपट मिळतील. बिग्ज यांनी कुऱ्हाड खाली ठेवली, आणि पुढे जमीन स्मारकसंस्थेला विकली.

बिग्ज यांना त्या मातीचे महत्त्व कोणी सांगावयाची गरज होती असे मात्र वाटत नाही. लढाईनंतर उत्तरेच्या सैनिकांची प्रेते शेताशेतांतून उकरून नव्या राष्ट्रीय दफनभूमीत नेण्याचे काम ज्यांच्या हातांनी झाले, ते बिग्ज आणि त्यांचे काळे मजूर होते. लिंकन यांनी १९ नोव्हेंबर १८६३ रोजी आपले दोन-अडीच मिनिटांचे जगप्रसिद्ध भाषण जेथे केले, ती ही दफनभूमी. त्या दिवशी हे काम निम्मेही झालेले नव्हते.

झाडांच्या उत्तरेस काही अंतरावर पांढरे, बसके, एका खोलीसारखे दिसणारे घर आहे. ते अब्राहम ब्रायन यांचे. तेही काळे, स्वतंत्र नागरिक, बारा एकरांचे धनी. तिसऱ्या दिवशीच्या हल्ल्याचा एक टोकाचा भाग ह्या घरावर येऊन आदळला. घरधनी आणि त्यांचे कुटुंब आधीच परागंदा झाले होते, आणि त्याला सबळ कारण होते. लीचे सैन्य पेनसिल्व्हेनियातून येताना काळ्या माणसांना, त्यांत जन्मापासून स्वतंत्र असलेलेही, पकडून गुलाम म्हणून दक्षिणेकडे रवाना करीत होते. गेटिसबर्गात राहणारी सुमारे दोनशे काळी माणसे बहुतेक सर्व पळून गेली. ब्रायन परतले तेव्हा शेत उद्ध्वस्त झालेले होते. त्यांनी १,०२८ डॉलर नुकसानभरपाई मागितली. १५ डॉलर मिळाले.

ह्या हालचालीचा फलक नाही. माणसे धरून दोरखंडांनी बांधून ज्या रस्त्यांनी दक्षिणेकडे नेली त्या रस्त्यांवर चौकोनी बैठक नाही की गोल नाही. स्तुती नको आणि निंदाही नको, ह्या दंडकाने सैन्याने कोणत्या मिनिटाला कोठे वळण घेतले ते सांगितले, पण ही सैन्ये कशासाठी आली होती ते सांगण्यास जागाच ठेवली नाही. १९१३ साली पन्नासाव्या वर्षी येथे दोन्ही बाजूंचे पन्नास हजारांवर म्हातारे सैनिक तंबूंतून एकत्र राहिले, भिंतीवरून हात मिळविले; गुलामगिरीचा उच्चार त्या सोहळ्यात अडचणीचाच झाला असता. १९३८ मध्ये उरलेसुरले अठराशेच्या आसपास वृद्ध पुन्हा जमले, आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या उपस्थितीत अखंड ज्योतीचे स्मारक उघडण्यात आले. त्यातही शब्द आहेत ते शांततेचे व एकीचे. उद्यानाच्या चालकांनी ही उणीव अलीकडेच भरून काढावयास घेतली. २००८ मध्ये उघडलेल्या नव्या संग्रहालयात युद्धाचे कारण म्हणून गुलामगिरी स्पष्टपणे मांडलेली आहे.

ते कारण दूरच्या एका मराठी माणसाला मात्र तेव्हाच दिसले होते. लढाईला दहा वर्षे होतात न होतात तोच, १८७३ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील सत्पुरुषांना अर्पण केले, आणि काळ्या लोकांना दास्यातून सोडविण्यासाठी त्यांनी केलेल्या स्वार्थत्यागाबद्दल कृतज्ञता व्यक्त केली. पुण्यातून हे पाहणाऱ्यास पलटणींच्या डाव्या-उजव्या बगलांचे कारण नव्हते. त्याच काळी मुंबईच्या शेठसावकारांनाही ह्या युद्धाची बित्तंबातमी होती, ती निराळ्या कारणाने: दक्षिणेचा कापूस इंग्लंडात जाईनासा झाला आणि आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला. समुद्र हटविण्याच्या कंपन्यांचे शेअर आकाशाला भिडले. १८६५ मध्ये लीने शरणागती पत्करल्याची वार्ता आली आणि तो सारा डोलारा कोसळला.

आपल्या देशाचा आणखी एक धागा ह्या गावाशी जुळलेला आहे. अध्यक्ष आयसेनहौअर यांची शेतवाडी रणभूमीला लागूनच आहे, आणि डिसेंबर १९५६ मध्ये त्यांनी पंडित नेहरूंना तेथे मुक्कामाला नेले होते. सुवेझ आणि हंगेरी यांची ती तापलेली वेळ. आज ती वाडी लोकांना पाहण्यास खुली आहे.

राष्ट्रीय दफनभूमीत उत्तरेचे साडेतीन हजार सैनिक अर्धवर्तुळाकार रांगांत पुरलेले आहेत. त्यांतील जवळजवळ हजारांची ओळख पटली नाही. त्यांच्या लहान संगमरवरी चौकोनांवर नुसते आकडे आहेत. दक्षिणेची तीन हजारांहून अधिक प्रेते १८७० नंतर उकरून त्यांच्या मुलखात नेण्यात आली, बहुतेक रिचमंडला. प्रवासी बसगाड्या ह्या दफनभूमीपाशी येऊन थांबतात आणि येथूनच परत फिरतात.

वेळ असेल त्याने मात्र गावाच्या पश्चिम अंगास लाँग लेनवरची लिंकन दफनभूमी पाहावी. ही गेटिसबर्गच्या काळ्या रहिवाशांनी १८६७ मध्ये स्वतः केली. यादवी युद्धात लढलेले सुमारे तीस काळे सैनिक येथे आहेत. गेटिसबर्गच्या लढाईत त्यांच्यापैकी कोणी नव्हते, कारण त्या तीन दिवसांत काळ्यांची एकही पलटण तेथे नव्हती. बेसिल बिग्ज हे १९०६ साली वारले. त्यांची कबरही येथेच आहे.